अक्काची हातमशीन

कार्तिक उजाडला की बुरहानपुरात रस्तोरस्ती कापूस दिसायला लागतो. भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात आणि जाता जाता बाभळींना, तारांना, कुणाच्या कुंपणाला थोडा थोडा देत जातात. सकाळी दूध आणायला निघाले की माझ्या शालीलाही एखादा पुंजका चिकटतो. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं तो झटकावा आणि पुढं चालावं. मला ते जमत नाही. हा महिना आला की मला छप्पन साल आठवतं, शनवारा वेशीच्या आतल्या बाजूचं शिवणमशीनचं दुकान आठवतं आणि माझी मोठी बहीण आठवते. मग दोन-तीन दिवस माझं कुणाशी धड जमत नाही.

यंदा तर निमित्तच चालून आलं. शेजारची प्रीती, नव्यानं लग्न होऊन आलेली, दारात उभी राहून म्हणाली, "काकू, चला न मेरे साथ. मला घरी एम्ब्रॉयडरीची मशीन घ्यायची आहे. हे दुकानवाले तो कुछ भी चिपका देते. तुम्ही सोबत असल्या की जरा वचक राहील." माझा वचक आता घरातल्या मांजरावरही राहिलेला नाही, पण गेले. दुकानात तीन मशिनी मांडलेल्या होत्या. पडद्यावर फूल निवडायचं, बटण दाबायचं, की सुई आपली आपण फूल काढत बसते. प्रीती तिन्ही मशिनींपुढं बसून आली. आवाज किती करते, रिंग केवढी बसते, धागा तुटला तर आपोआप थांबते का, तिनं त्या माणसाला सळो की पळो करून सोडलं. एका मशीनवरून तर बसते न बसते तोच उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही नको. याची उंची मला जमत नाही, माझी कमर दुखेल."

मी स्टुलावर बसून ऐकत होते. माझी कमर दुखेल. तीन शब्द. सोबत आलेला तिचा नवरा ऐकतोय, दुकानदार ऐकतोय, आणि ही पोरगी स्वतःच्या शरीराबद्दल इतक्या सरळपणे बोलतेय, आणि कुणाला काही वाटतही नाही. मला एकदम तिचा हेवा वाटला.

आमच्या घरात हे शब्द कुणी बोललंच नाही. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव कुसुम. ती तीन वर्षांची असताना ताप आला आणि त्या तापात तिचा डावा पाय वाळला. गुडघ्यावर हात टेकून ती चालायची. हे सगळं मी आता लिहितेय तसं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. 'पाय' हा शब्दच घरातून हद्दपार झाला होता. बाहेरून आलं की आई म्हणायची, "हात-तोंड धुवा." पाहुण्यांच्या 'पाया पड' म्हणायच्या जागी 'नमस्कार कर' म्हणायचं. माझा पाय एकदा अंगणात मुरगळला तर मी 'खाली दुखतंय' म्हणून रडले होते. अक्काच्या चपलांचं माप आई दोऱ्यानं घ्यायची, तेही तिच्या जुन्या चपलांवरून, ती समोर नसताना. आम्ही हे सारं तिच्या मायेपोटीच करत होतो. तिला लागेल, असं काही आपल्या तोंडून जाऊ नये, एवढाच हेतू. त्या मायेनंच घात केला.

बसल्या जागी अक्काचे हात मात्र थांबत नसत. साखळी टाका, जाळीचा टाका, उलटी बाजूसुद्धा सुलटीसारखी दिसणारं भरतकाम. पलीकडच्या गल्लीतल्या बोहरी बायका ओढण्यांचे काठ तिच्याकडून भरून घेत. गुलाब काढायला सांगितलं की ती नाक मुरडायची. "गुलाब सगळेच काढतात," म्हणायची, आणि कापसाचं फुटलेलं बोंड काढायची, पाकळ्यांसारखी चार टोकं आणि मधे पांढरं. लग्नाचं बोलणं तिच्यासाठी कुठून येत नव्हतं. येईल असं म्हणणंही आईनं सोडून दिलं होतं.

त्याच वर्षी राज्य नवं झालं. दादा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत कारकून. आपली राजधानी इतके दिवस नागपूर होती, ती एका सकाळी भोपाळ झाली. नागपूरचे काका, जे कालपर्यंत आपल्याच राज्यातले होते, ते परराज्यातले झाले. "मराठी माणसानं इकडे यावं," असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. कचेरीत दादांकडून पसंती लिहून मागितली होती, कुठल्या राज्यात राहायचं ती. दादांनी तो कागद आठ दिवस खिशात ठेवला, आणि इथंच राहतो म्हणून लिहून दिलं. त्यानंतर ते कचेरीतले हिंदी मसुदे घरी आणून मोठ्यानं वाचायचे, आणि अक्का त्यांना हसून दाद द्यायची. सरकारनंसुद्धा दादांना काय हवं ते विचारलं होतं, हे मला पुढं फार वेळा आठवलं.

मुलींच्या शाळेत भरतकामाचा वर्ग निघणार, ही बातमी हळदीकुंकवात कळली. मशीनवरचं भरतकाम तेव्हा नवं होतं, मुली त्यासाठी वेड्या झाल्या होत्या. शाळेच्या मोठ्या बाई आईला म्हणाल्या, "कुसुमचा हात मी पाहिलाय. तिला मशीनवरचं आलं तर शिकवायला तिलाच घेऊ. मात्र मशीन तिची तिनंच आणावी लागेल हं. आमच्या अनुदानाचा कागद नागपूरहून भोपाळला जाऊन बसलाय." आई घरी आली ती धापा टाकतच. अक्कानं ऐकलं आणि हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "मी बाई होणार?" ती म्हणाली. तिचा तो चेहरा मी नंतर पुन्हा पाहिला नाही. नवऱ्याच्या घरी नाही, आईबापांच्या जिवावर नाही, आपल्या हातांवर जगायचं. तिला एवढंच हवं होतं, आणि ते वीतभर अंतरावर आलं होतं.

दादांनी मनावर घेतलं. ज्या रविवारी आम्ही मशीन घ्यायला गेलो त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती की असीरगडाचा किल्ला शहरातून दिसत होता. टांगा केला होता, अक्कासाठी. दुकानदार म्हातारा, पांढऱ्या टोपीचा, बोलायला गोड. दारातच एक पायमशीन मांडलेली होती, लाकडी टेबल, खाली जाळीदार लोखंडी पायटा. तिच्या शेजारी टेबलावर हातमशीन, लाकडी पेटीतली, उजवीकडं दांडा. दादांनी पायमशीनकडं पाहिलंही नाही. "हातमशीन दाखवा," म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "बाबूजी, भरतकाम करायचं आहे न? मग पैरवाली घ्या. पैर से चलेगी तो दोन्ही हात..."

"हातमशीनच," दादा म्हणाले. जरा मोठ्यानंच. कान लाल झाले होते त्यांचे. परक्या माणसानं तो शब्द अक्कासमोर दोनदा उच्चारला होता.

म्हातारा काय समजायचं ते समजला. "ठीक आहे, ठीक आहे. मशीनचं डोकं तर एकच असते. कधी वाटलं तर हेच डोकं खालच्या स्टँडवर बसवून देऊ," म्हणाला, आणि दादांना सुया-बॉबिनी दाखवायला आतल्या कपाटाकडं घेऊन गेला.

अक्का पायमशीनपुढच्या स्टुलावर टेकली होती. मी तिच्यासमोर उभी. तिनं लुगड्याचा काठ किंचित वर घेतला आणि उजवा पाय पायट्यावर ठेवला. टाच, मग चवडा. टाच, चवडा. चाक फिरलं. न अडखळता, न धडपडता, एका पायानं, मजेत. सुई खालीवर व्हायला लागली आणि अक्का माझ्याकडं पाहून हसली. मग दादांच्या पाठीकडं तिनं पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडं.

मी बोलले नाही. का बोलले नाही ते आता लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन. माझं ते मॅट्रिकचं वर्ष. आमच्या दोन खोल्यांत खिडकी एकच, आणि तिच्याखाली माझी अभ्यासाची जागा. पायमशीन आली असती तर उजेडासाठी तिथंच आली असती. हातमशीन कशी, काम झालं की पेटीत घालून फळीवर ठेवता येते. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मी सोळा वर्षांची होते, हुशार होते, आणि मी नजर वळवून बाहेर टांग्याकडं पाहिलं. दादा परत आले तेव्हा अक्काचा पाय लुगड्याखाली गेला होता.

हातमशीन घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळायचं ते कळलं. मशीनवर भरतकाम करायचं तर सुईखालची दाबपट्टी काढून टाकतात, कापड पुढं सरकवणारे दात पत्र्यानं झाकतात, आणि रिंगेत ताणलेलं कापड दोन्ही हातांनी फिरवतात. सुई एका जागी खालीवर, चित्र हात काढतात. इथं उजवा हात दांड्याला जुंपलेला. उरलेल्या डाव्या हातानं रिंग धरली की ती डगमगायची, धाग्याचा गुंता व्हायचा. अक्का दिवसभर खटपटली. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर मला म्हणाली, "मंदे, जरा दांडा फिरवतेस का?"

त्या हिवाळ्यात मी दांडा फिरवला. मी उजवीकडं, ती समोर. तिचे दोन्ही हात रिंगेवर. "हं," म्हटलं की सुरू, "हळू," म्हटलं की हळू, "थांब," म्हटलं की थांब. पुढं तिला बोलावंही लागेना. टोकदार पान आलं की तिचा श्वास अडायचा, त्यावरून मला कळायचं. मी इतिहासाची सनावळी पाठ करत दांडा फिरवायची आणि ती मधेच म्हणायची, "त्या राजाला जरा मागे घे, देठ वाकडा गेला." आम्ही हसायचो. खूप हसायचो. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते ते. ती तितक्या जवळ मला नंतर कधीच मिळाली नाही. पण कंटाळा यायचा तेव्हा मी फणकारायचीही. "मला पेपर आहेत, तुझं काय," असं एकदा म्हणाले. तिनं रिंग खाली ठेवली आणि चार दिवस मशीन उघडली नाही.

दादा कचेरीतून आले की आम्हां दोघींना तसं बसलेलं बघून खूश व्हायचे. "दोन बहिणींची एक मशीन," म्हणायचे. त्यांना वाटायचं हे असंच चालत असतं. मशीनमधलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि सांगायला कुणी तयार नव्हतं.

माघात मोठ्या बाई आणि शाळेच्या कमिटीतले दोघे काम पाहायला घरी आले. अक्कानं बोंडांचा टेबलक्लॉथ पसरला होता. बाईंनी त्यावरून हात फिरवला, उलटून पाहिला, आणि कमिटीतल्या गृहस्थांकडं बघून मान हलवली. जमलं, असंच आम्हाला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "करून दाखव बरं."

आम्ही दोघी बसलो. मी दांड्याला हात घातला. बाई हसल्या. "मंदा, तू बाजूला हो. वर्गात काय तू येणार आहेस? एकटीला करू दे."

मी उठले. अक्कानं उजवा हात दांड्यावर ठेवला, डावा रिंगेवर. एक पाकळी कशीबशी निघाली. दुसरीला कापड ओढलं गेलं आणि सुई कट्कन तुटली. मग दादा म्हणाले, "यंदा माघातच ऊन वाढलं, नाही?" आई घाईनं चिवड्याच्या बश्या भरायला लागली. पायमशीन का नाही घेतली, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांची नजर अक्काच्या लुगड्याच्या काठापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. त्यासुद्धा चांगल्या घरच्या होत्या. "हात फार सुरेख आहे हो हिचा," एवढंच म्हणाल्या.

तेव्हाही उशीर झाला नव्हता. स्टँड आणा, तिचा उजवा पाय उत्तम चालतो, मी पाहिलाय. इतकंच कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते. पण मग 'इतके दिवस का नाही सांगितलंस' हे आलं असतं. मी चिवड्याची बशी घेऊन कमिटीवाल्यांसमोर गेले. पंधरा दिवसांनी कळलं की खंडव्याच्या कुणा बाईंना घेतलं. अक्का म्हणाली, "बरं झालं, मला तरी कुठं पोरी सांभाळता आल्या असत्या." दादांनी ते खरं मानलं.

मी मॅट्रिक झाले, पुढं शिकले, भुसावळला लग्न होऊन गेले, आणि तिथल्या शाळेत मास्तरीण झाले. जे तिला व्हायचं होतं ते मी झाले, आणि मला त्याची विशेष आवडही नव्हती. अक्का मागं राहिली. हातमशीनवर सरळ शिवण येतं. परकर, उशांचे अभ्रे, साड्यांना फॉल, हे तिनं चाळीस वर्षं शिवलं. मशीनवरचं भरतकाम मी गेल्यावर बंदच पडलं. सुट्टीत माहेरी गेले की मी दांडा फिरवीन म्हणायची, पण पोरं लहान, पाहुणे, आणि दोन दिवसांत परतायची घाई. तीही आग्रह करत नसे. एकदा मात्र म्हणाली होती, "राहू दे गं, हात फिरायला लागेस्तोवर तुझी गाडी येते."

माझी नोकरी संपली, नवरा गेला, मुलं पुण्याकडं पांगली, तेव्हा मी अक्काजवळ येऊन राहिले. आईदादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही दोन म्हाताऱ्यांची गृहस्थी फार गमतीची होती. आम्ही मीठ कमी की जास्त यावर भांडायचो. असाच कार्तिक होता. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती आणि मी म्हणाले, "अक्का, दुकानात तुझा पाय चालताना मी पाहिला होता."

साठ वर्षांची होत आले होते मी. तिच्यासमोर तो शब्द पहिल्यांदा उच्चारला.

"माहीत आहे न मला," ती म्हणाली. "तुझ्याकडेच तर पाहून राहिली होती मी."

"मग तू का बोलली नाहीस?"

"काय बोलू? दादा केवढे खूश होते. पोरीचा त्रास वाचवला म्हणून. त्यांना कसं सांगू की तुमचं चुकून राहिलं?" तिनं मेथीची एक काडी मोडली. "वाटलं, तू म्हणशील. तू धाकटी, तुझं खपून गेलं असतं. टांगा घराशी येईपर्यंत वाट पाहिली मी."

मी खिडकीचं सगळं सांगितलं. रडले. तिनं ऐकून घेतलं. "वेडी आहेस," म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी ओसरीत बसली असती." आणि पुन्हा मेथीत हात घातला. तिनं मला माफ केलं की नाही हे मी विचारू शकले नाही, आणि तिनं आपण होऊन सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी एक जुना स्टँड मिळवला. मिस्त्री येऊन हातमशीनचा दांडा काढून गेला, चाकाला पट्टा बसवून गेला. अक्का दोन दिवस त्याच्याकडं फिरकली नाही. "आता कायले?" म्हणत राहिली. ते खरंच होतं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. सुईचं टोक तिला दिसत नव्हतं, धागा ओवणं तर दूरच.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून आवाज आला. गेले तर अक्का मशीनवर बसलेली. धागा नाही, कापड नाही. लुगड्याचा काठ वर खोचलेला आणि उजवा पाय पायट्यावर. टाच, चवडा, टाच, चवडा. दोन्ही हात सुईखालच्या पत्र्यावर पालथे, रिंग धरल्यासारखे, हळूहळू गोल फिरत होते. मी दारात उभी राहिले. तिला माझी चाहूल लागली, पण तिनं पाय थांबवला नाही.

"चालतो न गं?" तिनं विचारलं.

"चालतो, अक्का. छान चालतो."

"दादांना दाखवायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "एकदा तरी."